बत्तीस पानं आणि एक तास चाळीस मिनिटं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात देवच नाहीत, तिथे भुतं कुठून येणार! त्यातून मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. 'पुन्हा करून दाखव, नाहीतर तो बग नाही' हे डेव्हलपर लोकांकडून ऐकण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आता जे सांगणार आहे ते मलाही पुन्हा करून दाखवता येत नाही... त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा.

पेन ड्राइव्ह नुकते कुठे दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. धनकवडीला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि पप्पा. पप्पा टपाल खात्यातून रिटायर झालेले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पुढच्या रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईबद्दलची एक पुस्तिका द्यायची, हे पप्पांनी मनावर घेतलं होतं. आठ महिने दोन बोटांनी टाइप करत त्यांनी बत्तीस पानं लिहिली. मला वाचायला दिली नाहीत. म्हणाले, "छापून आल्यावर वाच."

कसबा पेठेतल्या प्रेसच्या मालकांनी शनिवारची वेळ दिली होती. "चारच्या आधी येऊ नका, बंद असतं. पाचला मी कुलूप लावतो. उशीर झाला तर पुस्तक पुढच्या वर्षी वाटा." इतकं गोड बोलणारा माणूस.

पप्पांचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, माझा आतल्या खोलीत, मध्ये दोन्हींना केबलने जोडणारा एक छोटा हब. सीडी फक्त माझ्या मशिनवर लिहिता यायची. पप्पांच्या मशिनच्या फ्लॉपी ड्राइव्हने केव्हाच मान टाकली होती आणि पेन ड्राइव्हला ते ओळखच दाखवत नव्हतं. म्हणजे फाइल यायची ती नेटवर्कवरूनच.

शनिवारी साडेबाराला कॉपी करायला घेतलं. आईचे चाळीस फोटो, चांगले जडच्या जड... दोन मिनिटांत आले. मग मजकुराची फाइल. फोटोंपुढे ती म्हणजे किस झाड की पत्ती! स्क्रीनवर आलं — शिल्लक वेळ, ९७ मिनिटं.

मी कॅन्सल केलं. परत सुरू. परत तेच. केबल बदलली. हबचं पोर्ट बदललं. अँटिव्हायरस बंद, फायरवॉल बंद, नेटवर्क कार्डचा स्पीड हाताने सेट केला, दोन्ही मशिन बंद करून चालू केली. फाइलचं नाव बदललं. दुसरी कुठलीही फाइल टाकली की सुर्रकन यायची, आणि ही एकटी आपली मुंगीच्या पावलांनी! माझं डोकं इतकं फिरलं की मी माऊस आपटला.

"सुजाता, जरा इकडे ये," हॉलमधून पप्पा म्हणाले.

"आत्ता नको हो पप्पा! तुम्ही मध्ये काही दाबलंत का?"

"मी कशाला दाबू? हा दिवा बघ."

हबवरचा हिरवा दिवा. फाइल जाताना तो नुसता लुकलुकत राहतो. इथे तो सहा-सात वेळा लागायचा, सावकाश... मग थांबायचा. परत सहा-सात वेळा. परत थांबायचा.

"एक ओळ झाली की थांबतो," पप्पा म्हणाले. "तुझी आई अशीच वाचायची."

आई शाळेत गेलेली नव्हती. माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून माझ्याबरोबरच शिकली. एकेका शब्दाखाली बोट ठेवायची, ओळ संपली की बोट उचलून पुढच्या ओळीवर न्यायची. पेपरचं एक पान वाचायला तिला अख्खी सकाळ लागायची.

"मला ऑफिसची घाई असायची," पप्पा दिव्याकडेच बघत होते. "तिच्या हातातून पेपर ओढून घ्यायचो. आण इकडे, तुझं दिवसभर चालेल, म्हणायचो. रोज." मग म्हणाले, "आता थांबवू नकोस. होऊ दे तिचं वाचून."

मी भडकलेच. "पप्पा, हब खराब आहे! पाचला प्रेस बंद होईल, मग लोकांना काय देणार?"

"नाही दिलं तर नाही दिलं. लोकांसाठी नंतर छापू."

ज्या पुस्तिकेसाठी माणसाने आठ महिने डोळे फोडले, तिच्याबद्दल हे बोलणं! मी तरीही कॅन्सल दाबलं, शेवटचं एकदा कॉपी सुरू केलं आणि त्यांच्याशेजारी येऊन बसले. सव्वादोन वाजले होते. पाऊण तासाने दिवा थांबला तो लागेचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी कॅन्सल करायला उठले, तर पप्पांनी माझा हात धरला.

"थांब. तिथे मी पेपर ओढण्याचं लिहिलंय."

मी उभीच राहिले. जरा वेळाने दिवा परत लागला. आधीच्याच चालीने.

चारला पाच मिनिटं कमी असताना फाइल आली. सीडी लिहिली, स्कूटर काढली, स्वारगेटच्या गर्दीत सगळ्यांना शिव्या घालत मंडईवरून कसब्यात पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. "वेळेआधी? पुण्यात नवीन का आपण?"

घरी येऊन तीच फाइल परत कॉपी केली. तीच केबल, तोच हब. दोन सेकंद. जुन्या नावाने केली, नवीन नावाने केली... दोन सेकंद. तो हब पुढे कित्येक वर्षं विनातक्रार चालला. ऑफिसमधल्या नेटवर्कवाल्यांनी मला चार कारणं सांगितली आणि 'मग एकच फाइल का?' म्हटल्यावर 'पुन्हा करून दाखव' म्हणाले. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "तिचं वाचून झालं होतं ना."

मी आजही असलं काही मानत नाही. पण नंतर कधीतरी सहज मोजलं... त्या दुपारी मी अकरा वेळा कॅन्सल दाबलं होतं. अकराही वेळा ती परत पहिल्या पानापासून सुरू झाली. त्याचं मला अजून फार वाईट वाटतं.