सत्त्याऐंशी नंबरची हजेरी

मनातल्या मनात मी फार भांडखोर आहे. रिक्षावाल्याशी, वाण्याशी, आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीशी माझी कडाक्याची भांडणं होतात आणि दर वेळी मीच जिंकते. फक्त त्यांना ते कळत नाही. हल्ली निदान निम्मी भांडणं तरी तोंडातून बाहेर पडतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मात्र माझा आवाज शेजारी बसलेल्या मुलीलाही ऐकू जात नसे.

घाटकोपरच्या भटवाडीतून मी मुलुंडच्या कॉलेजात एफवायबीकॉमला जायला लागले. वर्गात सव्वाशे मुलं, आणि पहिलं लेक्चर सकाळी सातला, इकॉनॉमिक्सचं. मॅडम आल्या आल्या हजेरी घ्यायच्या, तीही मस्टरमधून मान वर न काढता, भरधाव. नावं नाहीत, नुसते रोल नंबर. माझा सत्त्याऐंशी. एटी सिक्स आणि एटी एट यांच्यामध्ये आवंढा गिळण्यापुरता वेळ असायचा आणि मी तो खरोखरच आवंढा गिळण्यात घालवायचे. सत्तर नंबरपासून माझी तयारी सुरू व्हायची. पाठ ताठ, घसा साफ. मग नंबर आला की ‘प्रेझेंट मॅम’सारखं काहीतरी तोंडातून निघायचं आणि बेंचवरच विरायचं. तोवर मॅडम नव्वदीत पोचलेल्या.

लेक्चर संपल्यावर टेबलापाशी जाऊन ‘मॅम, माझी राहिली’ एवढंच सांगायचं होतं. बाकीचे सांगायचेच. पण त्या घोळक्यात शिरायचं, सगळ्यांसमोर बोलायचं, आणि मराठी शाळेतून आलेलं माझं इंग्रजी तिथे मांडायचं! त्यापेक्षा गैरहजेरी परवडली. खरं तर मी एकही लेक्चर चुकवलं नव्हतं. कँटीनमध्येसुद्धा जात नव्हते, कारण तिथे काउंटरवर ओरडून ऑर्डर द्यावी लागायची.

दोनेक महिन्यांनी नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली. हजेरी कमी असलेल्यांचे नंबर आणि नावं. त्यात सत्त्याऐंशी होता. शेजारी उभी असलेली दोन मुलं, ज्यांना मी वर्गात कधी पाहिलंही नव्हतं, ती लिस्टमध्ये नव्हती; त्यांच्या नंबराला मित्रांनी नेमाने ‘प्रेझेंट’ ओरडून प्रॉक्सी मारल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! मनात मी तिथल्या तिथे एक जबरदस्त भाषण ठोकलं आणि गुपचूप बसस्टॉपवर गेले. पालकांना घेऊन या, आणि शेवटच्या लिस्टमध्ये पुन्हा नंबर आला तर परीक्षेला बसता येणार नाही, असं खाली लिहिलं होतं.

घरी आईने कपाळाला हात लावला. “गो चेडवा, रोज डबो घेवन तू जातंस तरी खंय?”

“कॉलेजातच जाते गं.”

“तोंडात मिठाची गुळणी धरून बसतंस, मगे लोकांका कळतला कसा?”

बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉलेजात आले. उपप्राचार्यांनी लिस्टवर बोट ठेवून सांगितलं, “तुमची मुलगी लेक्चरला बसत नाही.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले, चांगले थांबले. मी बुटांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दाखवलं तिथे सही केली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “तू रोज जातेस, ते मला माहितीये ना. मग आत बोलली का नाहीस?” ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली, की घर येईपर्यंत मी रिक्षाबाहेरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले. एटी सिक्स झाला, मी तोंड उघडलं, आणि मागच्या बेंचवरून खणखणीत आवाज आला, “प्रेझेंट मॅम!” मॅडमनी खूण केली आणि पुढे गेल्या. मी तोंड उघडं ठेवूनच मागे वळले.

आवाज देणारी मुलगी भांडुपची होती. कबड्डी खेळायची. लेक्चर संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिले आणि माझं आयकार्ड दाखवलं.

“अय्या, एटी सेव्हन तू आहेस?” ती ओरडली. “मला वाटलं, ही पोरगी येतच नाही. लिस्ट बघितली ना, म्हटलं बिचारीची वाट लागणार. म्हणून मारली प्रॉक्सी!”

मी वर्गात असताना माझी प्रॉक्सी लागली होती. मला हसू आवरेना. कॉलेजातलं माझं ते पहिलं मोठ्याने हसणं. त्या दिवशी तिने मला कँटीनमध्ये नेलं, समोसापाव मागवला, आणि रोज माझ्या वतीने ओरडायचं कबूल केलं. सोय इतकी झकास झाली, की मी सत्तरपासूनची तयारीही सोडून दिली.

शेवटच्या लिस्टच्या आदल्या दिवशी तिची कॉलेज टीमसाठी निवड चाचणी होती. जाताना मला म्हणाली, “आज तुझं तू बघ हां. घाबरू नको गं, खाणार नाहीत.”

एटी सिक्स. मी बेंच घट्ट धरला आणि ओरडले, “प्रेझेंट मॅम!”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वर्षात पहिल्यांदाच मान वर केली. “कोण बोललं ते? एटी सेव्हनचा आवाज मला माहितीये. प्रॉक्सी मारतेस? उभी राहा!”

मी उभी राहिले. “मॅम, एटी सेव्हन मीच आहे.”

“मग रोज कोण असते?”

“रोजही मीच असते, मॅम. फक्त आवाज माझा नसतो.”

वर्गात हशा फुटला. पण मी बसले नाही. बोलतच राहिले: मी एकही दिवस चुकवलेला नाही, माझी वही बघा. मैत्रिणीबद्दल चकार शब्द काढला नाही. मॅडम म्हणाल्या, “वही घेऊन स्टाफरूममध्ये ये.”

स्टाफरूममध्ये त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. प्रत्येक लेक्चर होतं, तारखेसकट. एका पानावर ‘आज मॅडमचा घसा बसलाय, लवकर सोडलं’ असं लिहिलेलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग मस्टर उघडलं आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांतली माझी एकेक गैरहजेरी तारखेनिशी वाचायला लागल्या. एक तारीख वाचायच्या, वहीत बघायच्या, मग माझ्याकडे.

“प्रेझेंट मॅम,” मी म्हटलं. त्यांनी खोडून सही केली आणि पुढची तारीख वाचली.

“प्रेझेंट मॅम.”

पाच झाल्या, दहा झाल्या. दर तारखेला माझा आवाज चढत गेला आणि मला तो थांबवावासा वाटेना. शेवटी पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत बसलेले एक सर वैतागून म्हणाले, “अगं बाई, जरा हळू बोल की!”

हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.