देवी टीव्हीवर आली तेव्हा

"तू काय काचेचा हायस का रे? बस खाली. मागच्यांना दिसत नाय."

शेठ माझ्या बाला बोलला. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर.

रविवारची दुपार होती. शेठच्या ओटीवर रंगीत टीव्ही, आणि त्यावर नाटकांच्या बक्षिसांचा सोहळा. मागे सोफ्यावर शेठ, शेठाणी, त्यांची सूनबाई, शहापूरहून आलेले दोन पाहुणे. पुढे जमिनीवर आम्ही तिघं. बा, आय आणि मी. बा शेठच्या भातगिरणीत हमाल. एरवी आमचं काम ओटीच्या पायरीपर्यंतच. पण त्या दिवशी मुद्दाम बोलावणं आलं होतं. "तुमची देवी टीव्हीवर येणार हाय, बघायला या."

आय ठेवणीतलं लुगडं नेसली होती. बानं सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. देवी दिसायची म्हणजे उपास.

आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगरात. चैत्रात तिथे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून गावदेवीपुढे नाचायचं. एकेका मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो, आणि एकेक सोंग एकेका घराकडे. गणपती एका घराचा, रावण दुसऱ्या. आमच्या घराकडे देवी. ती सगळ्यात शेवटी येते, तांबडं फुटताना. ती आल्याशिवाय बोहाडा संपत नाही.

माझ्या पणज्यानं पांगाऱ्याच्या लाकडात ती कोरली. शेंदरी तोंड, मोठे डोळे. डाव्या कानापाशी एक चीर, ती आज्यानं लाखेनं बुजवलेली. वर्षभर ती तुळईला, पांढऱ्या फडक्यात. खाली काढायची ती अनवाणी, उपाशीपोटी. जमिनीवर कधी टेकवायची नाही. आणि ती समोर आली की बसलेल्या माणसानं उठायचं. म्हातारा असो, बाळंतीण असो, उठायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. चालायला लागल्यापासून आम्ही उठतोच.

शेठचा भाचा मुंबईत नाटकं बसवायचा. एका चैत्रात बोहाडा बघायला आला. देवी बघून वेडाच झाला. "चार प्रयोगांपुरती द्या," म्हणाला. मग शेठ बोलला, "माझा शब्द हाय. पावसाच्या आत देवी घरात." शेठला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. बानं फडक्यात गुंडाळून देवी त्याच्या हातात दिली. गाडीत मांडीवर घ्या म्हणाला. भाचा हसला आणि मागच्या सीटवर ठेवून निघून गेला.

पाऊस आला आणि गेला. पुढचा चैत्र आला. त्या वर्षी आमच्या पाड्याचा बोहाडा देवीशिवाय उठला.

आणि आता ती टीव्हीवर येणार होती.

आली. नाटकातला तुकडा दाखवला. एक गोरी बाई देवी तोंडावर घालून फिरत होती. डाव्या कानापाशी लाखेचा डाग मला स्पष्ट दिसला. बा उठला. आय डोक्यावरून पदर घेत उठली. मीही उठले. तिघं हात जोडून टीव्हीसमोर उभे.

तेव्हा शेठ बोलला ते वाक्य. काचेचा हायस का.

"अगबाई, टीव्हीला नमस्कार करतायत!" सूनबाई हसली. पाहुणे हसले. एक म्हणाला, "अहो, नाटक आहे ते. खरं नाय."

आम्ही बसलो नाही. बसताच येईना.

मग नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. भाचा झब्बा सावरत स्टेजवर गेला, देवी काखेत मारून. म्हणाला, "हा मुखवटा मला सह्याद्रीच्या एका दरीत सापडला."

सापडला. म्हणजे वाटेवर पडला होता, आणि यानं उचलला.

सन्मानचिन्ह दोन हातांनी घ्यायचं होतं. म्हणून त्यानं देवी खाली ठेवली. जमिनीवर. बुटांशेजारी.

बाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तो पुढे धावला. दोन्ही हात पसरून. देवीला उचलायला. त्याचे तळवे टीव्हीच्या काचेवर आपटले.

"हात काढ! काच फुटेल!" शेठ ओरडला.

बानं हात काढले. काचेवर त्याच्या दोन्ही पंजांचे ठसे उमटले होते. गिरणीतल्या कोंड्याचे. पांढुरके. मागे भाचा हसत होता, बाच्या बोटांच्या मधून.

"आता पुसून काढ ते," सूनबाई म्हणाली.

बाकडे पुसायला काही नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. देवीपुढे कधी न काढलेली टोपी. त्या टोपीनं काच पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत.

मी सातवीत होते. मी म्हणाले, "शेठ, आमची देवी कधी देणार?"

"बघा, हिलाच बक्षीस द्या," शेठ म्हणाला. पुन्हा हसले सगळे.

"गप गो," बा म्हणाला. मला. शेठला नाही.

आम्ही निघालो तरी आतली चर्चा ऐकू येत होती. काय कल्पना, काय डोकं पोराचं. आणि मग, "या लोकांना नाटक काय कळणार? खरं-खोटं कळत नाय त्यांना."

वाटेत बा आयला हळूच म्हणाला, "काचेला हात लावला ना, तवा अंगावर काटा आला. हातावरचे केस उभे ऱ्हायले. तिनं वळखलं मला."

टीव्हीच्या काचेवर वीज साचते, हात नेला की केस उभे राहतात. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. बाला कधी सांगितलं नाही.

मुरबाडला कॉलेजात जाऊन मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यातली पहिली. शेवटच्या वर्षाला भाचा आमच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा म्हणून आला. तोवर तो मोठा झाला होता. त्यानं त्या सोहळ्याची गोष्ट सांगितली. मुखवटा आता त्याच्या दिवाणखान्यात आहे म्हणाला, दिव्याच्या झोतात. मग विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी उठले.

"सर, ती सापडली नाय. ती तुम्ही मागून नेली. माझ्या बाकडून."

त्यानं मला निरखून पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाला, "बाळ, तुमच्याकडे राहिली असती तर वाळवीनं खाल्ली असती. असं करू. पुढच्या सोहळ्यात वडिलांना स्टेजवर आणू. शाल देऊ. ते थोडं नाचूनही दाखवतील."

टाळ्या पडल्या. माझ्या वर्गातल्या पोरींनीही वाजवल्या. ते सगळ्यात जास्त लागलं.

मी म्हणाले, "बा येणार नाय. तुमी यायचं. देवी घेऊन, उपाशी आणि अनवाणी."

आमच्या कॉलेजातल्या सरांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. शेठला कळलं. बाचं गिरणीतलं काम सुटलं. मला वाटलं, बा चिडेल. तो चुलीपुढे बसून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्यानं तवा बोलवलं नाय गो."

भाचा आला नाही.

नवी देवी घडवा, लोक म्हणतात. पण जुनी नदीत सोडल्याशिवाय नवी घडवत नाहीत. आणि जुनी भिंतीवर टांगलेली आहे.

दर चैत्रात बा उपास धरायचा. तांबडं फुटताना पेटत्या टेंभ्यामागून मुखवट्याशिवाय, नुसत्या तोंडानं चालायचा. लोक विचारायचे, "सोंग कुठाय?" तो म्हणायचा, "येल." असं म्हणत म्हणत तो गेला.

आता टेंभ्यामागून मी चालते. बाईनं चालायचं नसतं, असं दोघा-तिघांनी सांगून पाहिलं. मी चालते. लोक विचारतात, "सोंग कुठाय?" मी 'येल' म्हणत नाही. गावदेवीपुढे उभी राहते आणि भाच्याचं नाव घेते. आधी त्याचं, मग त्याच्या बापाचं, मग आडनाव. शब्द देणाऱ्या शेठचंही. आता पोरंही माझ्यामागून म्हणतात.

माझ्यानंतर माझी पोर म्हणेल. तिला पाठ करून दिलं आहे. देवी घरी येईपर्यंत आमच्या बोहाड्यात शेवटी तेच नाव येणार.