खोक्यांतले तेवीस दुष्ट

शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला, त्या वर्षापासून माझी आंघोळ धड झाली नाही. आमची न्हाणी म्हणजे परसात एक फरशी, चार लाकडी बल्ल्या आणि बाजूंनी बांधलेली जुनी लुगडी. वर आभाळ. आधी त्याचं काही वाटत नव्हतं. पण मजला झाला, मजल्याला खिडकी झाली आणि ती नेमकी आमच्या परसावर उघडली. शेजारी वाईट नाहीत. खिडकीत कोणी उभंही नसायचं. तरी मी उजाडायच्या आत, अंगावरच्या पातळासकट दोन तांबे ओतून घ्यायचे आणि निथळतच घरात शिरायचे. पोरीचे बाबा देऊळघाट ते बुलडाणा ऑटो चालवतात. त्यांना म्हटलं, पक्की न्हाणी बांधू. ते म्हणाले, "बांधू नं. पयून चालली काय न्हाणी?"

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी बोलले नाही.

तेव्हा मी बुलडाण्याला एका खेळण्यांच्या दुकानात झाडझूड करायला जायचे. दुकान बंद होणार होतं, म्हणून मालकाने माल कमी भावात काढला. गाड्या गेल्या, चेंडू गेले. परदेशी सिनेमातल्या माणसांच्या वीतभर उंचीच्या मूर्ती होत्या, पुढून आरपार दिसेल अशा खोक्यात बसवलेल्या. त्यातले चांगले सगळे खपले आणि दुष्ट तेवढे उरले. एक अर्ध्या लोखंडी तोंडाचा, एक चार हातांचा हिरवा, एक काळ्या झग्यातला लाल डोळ्यांचा. पोरं आईबापांना ओढत आणायची आणि चांगल्यावर बोट ठेवायची. दुष्ट कोणालाच नको होते. मालक म्हणाला, "घेऊन जाय बाई एखादा. यायले कोणी इचारत नाही."

मी लाल डोळ्यांचा घरी नेला. पोरगी कॉलेजातून आली, तिने खोकं उलटंपालटं करून पाहिलं, मग मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं आणि एकदम उठून उभी राहिली.

"आई, हे लोकं जमवतेत! पोरं घेत नाहीत म्हणून कंपनी दुष्ट कमीच बनवते. अन् काही वर्षांनी तेच भेटत नाहीत. मग मोठेमोठे माणसं मागशीन तो भाव देतेत. इन्व्हेस्टमेंट हाय ही!"

मला ते लगेच पटलं. न्हाणीसाठी पटलं असेल. सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीच्या मजुरीचे, पैसे मी डब्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुकानातले उरलेले सगळे घेतले. घरचा धरून तेवीस झाले. मालक खोकी पिशव्यांत भरता भरता म्हणाला, "काऊन बाई, घरी रामलीला करता काय?" मी खाली बघून "हाव" म्हटलं.

पोरीने एकच नेम घालून दिला. खोकं उघडायचं नाही. कडेला कंपनीची चिकटपट्टी आहे, ती निघाली की किंमत गेली. मूर्तीला किंमत नाही, न उघडण्याला आहे.

पुढची दोन वर्षं मी एका जागी बसले नाही. खोकी आधी धान्याच्या कोठीवर ठेवली. तिथे उंदीर दिसला. मग लोखंडी पेटीत घातली, तर पावसाळ्यात पेटीला आतून घाम आला. मग माळ्यावर. माळ्यावर पत्र्याची ऊब लागते, रंग उडेल, म्हणून उन्हाळ्यात परत खाली, गोधड्यांच्या मध्ये. शेतात निंदता निंदता वाटायचं, आज झाकण नीट लावलं की नाही. पोरीला विचारायचे, "भाव काय झाला वं?" ती म्हणायची, वाढला. आठवड्याने म्हणायची, थोडा उतरला. उतरला म्हटलं की माझी भाकर करपायची. पोरीचे बाबा तव्याकडे पाहून म्हणायचे, "आज कोणता राक्षस मेला?"

या वर्षी पोरीने मोबाईलवरून एक गिऱ्हाईक शोधलं. पुण्याचा माणूस. सगळेच्या सगळे घेतो म्हणाला. त्याच्या बोलीत फरशी, चार भिंती, दार, वर स्लॅब, सगळं बसत होतं. घट बसायच्या दिवशीच दुपारी तो व्हिडिओ कॉल करून खोकी पाहणार होता.

आणि मध्ये दसरा काढायचा आला. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुतात. गोधड्या पैनगंगेवर नेतात, भांडी अंगणात मांडून घासतात, कोठी रिकामी करून पुसतात. न धुतलेलं काही घरात ठेवून देवीला बसवत नाहीत. माझी जाऊबाई त्याच आवारात राहते. नदीवरून आल्यावर ती माझ्या घरात डोकावली. कोपऱ्यात तेवीस खोकी.

"अन् हे काऊन राह्यले वं?"

"ते पॅक हायेत, बाई."

"पॅक असो नाईतं फिक असो. पारोसे राक्षस घरात ठेवून तू देवी बसवशीन? देवी तं यायलेच मारायले येते!"

ती हसतच बोलली होती आणि हसतच गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. फडकं ओलं करून सगळी खोकी वरून पुसली. मन भरेना. वरून पुसलं म्हणजे धुतलं असं होत नाही. कोणत्या देशात कोणी बनवले, कोणाचे हात लागले, तेव्हापासून त्यांना पाणी लागलेलं नाही. लाल डोळ्यांचा तर माझ्याकडेच बघत होता. मी स्वयंपाकघरात गेले, परत आले. अंगणात गेले, परत आले. मग ब्लेड घेतलं.

चिकटपट्टी मी अशी सोडवली की कागदाचा पापुद्रा निघाला नाही. सोयाबीनच्या शेंगांनी चिरलेले हात आहेत, पण त्या दिवशी कागदावर कुठे अडकले नाहीत. एकेक मूर्ती काढायची, घमेल्यात बुचकळायची, पुसायची, उन्हात ठेवायची. पुन्हा जशीच्या तशी बसवून वरून पोरीची चिकटपट्टी लावायची. मला खरंच वाटत होतं की परत बंद केलं म्हणजे बंदच. अकरा झाले. अकरावा लाल डोळ्यांचा. त्याचा एक डोळा माझ्या अंगठ्याला लागून आला.

तेव्हा मी थांबले. उरलेले बारा तसेच ठेवले आणि कोणाला काही बोलले नाही.

घट बसले. दुपारी फोन आला. मी फोनसमोर कधी येत नाही. भावाच्या नातवाचं फोनवरचं बारसंसुद्धा मी दाराआडूनच पाहिलं होतं. पोरीने खोकी ओळीने मांडली होती आणि मी पडद्यामागे उभी होते. पुण्याचा माणूस चांगला बोलत होता. एकेक खोकं जवळ आणायला सांगायचा. सातव्याआठव्याला म्हणाला, "ताई, ही टेप जरा वेगळी दिसतेय. कोणी उघडलं तर नाही ना?"

"नाही हो. माझी आई हातसुद्धा लावू देत नाही कोणाला."

"नक्की? कारण उघडलेला पीस मी घेत नाही."

"नक्की, सर. आईची शप..."

त्या माणसाचं मला काही वाटत नव्हतं. तो फसला असता तर फसला असता, इतकी मी त्या न्हाणीच्या मागे लागले होते. पण पोरगी माझ्या नावाने खोटी शपथ घेत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं की ती खोटी आहे. तो शब्द पुरा व्हायच्या आत मी पडदा सारला आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिले.

"उघडले म्या," मी म्हटलं. "अकरा उघडले. दसरा काढाचा होता. धुतले."

फोनमधला माणूस पुढे वाकला. मग म्हणाला, "धुतले?"

"हाव. साबणानं."

"काकू," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना, "अहो, इतकी वर्षं घेतोय मी हे. व्हिलनला आंघोळ घालणारं कोणी भेटलं नव्हतं."

त्याने बारा घेतले. अकरा म्हणजे पोरांच्या खेळण्यातले, असं त्याने सांगितलं आणि नमस्कार करून फोन ठेवला. पोरगी खोकी गोळा करत म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं तं? त्याच्यासमोर खोटं पाडलं मले." मी म्हटलं, माझ्यानं सांगवलं नाही. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. फराळाचं ताट पुढे करायची आणि तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "कोणत्या साबणानं धुतले?" मी सांगितलं, कपड्याच्या. तिने कपाळावर हात मारला. तेवढ्यावर ते मिटलं.

बाराच्या पैशात पूर्ण न्हाणी होत नव्हती. मिस्त्री पाहून म्हणाला, भिंती उठतील, छत आणि दार पुढच्या साली. पोरीचे बाबा हो म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं, "नाही. आधी छत."

"भिंतीबिगर छत? लोकं हासतीन नं वं!"

"खिडकी वरतून हाय," मी म्हटलं. "भिंती घेऊन काय करू?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे पाहिलं, आणि फूटपट्टी काढली. चार लोखंडी पाइप रोवले, वर नवा पत्रा ठोकला. बाजूला लुगडीच आहेत, दोरीने घट्ट आवळलेली. येणारे जाणारे विचारतात, बैल बांधायला गोठा केला काय. पोरीचे बाबा त्यांना काहीतरी सांगतात.

परवा मी चांगलं ऊन वर आल्यावर बादलीभर पाणी घेऊन आत गेले. दोनदा वर पाहिलं. पत्राच होता. तरी तिसऱ्यांदा पाहिलं. मग पहिल्यांदा केस मोकळे सोडून डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेरून जाऊबाईने हाक मारली, कुठं गेली वं, दळण आणाचं हाय नं.

"थांबा जरा," मी आतून ओरडले, "आंघोय करून राह्यली!"