सोनाबाईंचे डिंकाचे लाडू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही घोडेगावचे नाही.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी मी तिथं मास्तर होतो. भाषणाची भारी हौस! शाळेच्या पटांगणात गाव जमवून सांगितलं — फार वर्षांपूर्वी परमुलखातल्या एका लढाईनंतर तिथल्या बायकांनी दोन्हीकडच्या जखमींना पाणी पाजलं, कोण कुठला ते विचारलं नाही. त्यातूनच पुढे जखमींना आणि कैद्यांना जपायचे कायदे झाले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं.

सोनाबाईंना मात्र ते सगळं खरं वाटलं. त्यांचा फौजेतला मुलगा बबन तिकडे शत्रूच्या कैदेत होता. दुसऱ्याच दिवशी त्या डबा घेऊन दारात हजर — बाळंतिणीला देतात तसले डिंकाचे लाडू, जखमा लवकर भराव्यात म्हणून. नगरच्या लष्करी दवाखान्यात शत्रूचे जखमी ठेवलेत, असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं.

“तिकडं माझ्या पोराला कुनी घास घालंल, म्हनून हितं मी दुसरीच्या पोराला घालते. तुमीच पोचवा, गुरुजी.”

नाही कसं म्हणणार? गेलो एसटीने. फाटकावर मिशाळ पहारेकरी. लाडू कुणासाठी, असं त्याने विचारलं तर — शत्रूसाठी म्हणू? त्याने नुसतं पाहिलं आणि मी त्याला स्टँडचा रस्ता विचारला. तिथूनच तर आलो होतो!

स्टँडवर धीर यावा म्हणून एक लाडू खाल्ला. मग — भरला डबा परत कसा न्यायचा? घोडेगाव येईपर्यंत तो रिकामा झाला. पोचले का? पोचले, म्हणालो. आवडले का? डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या, म्हणालो. थाप मारावी, पण इतकी? सोनाबाई दर महिन्याला डबा देऊ लागल्या. मी पुन्हा फाटकापर्यंतही गेलो नाही. त्या वर्षी माझी कंबरदुखी गेली ती कायमची.

वर्षभराने बबन सुटून आला — हाडंच उरलेली, पण जिवंत. सोनाबाईंनी त्याला माझ्या पाया पडायला लावलं. तो सांगत होता, तिकडचा एक म्हातारा पहारेकरी रोज स्वतःची अर्धी रोटी गजांतून आत सारायचा. का, ते कधी बोलला नाही. सोनाबाई माझ्याकडे बघून हसल्या. कारण त्यांना माहीत होतं ना!

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गुरुजींमुळे पोरगं जगलं, असं त्या मरेपर्यंत गावभर सांगत राहिल्या आणि मी मान डोलावत राहिलो. तिकडे तो माणूस आपल्यातली अर्धी देत होता. इकडे मी त्याच्याच जखमी पोरांच्या तोंडचं खात होतो — रोज सकाळी दोन, दुधाबरोबर.