शेजारचं घर कापताना

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या शुभदाताई माउसच्या एका हिसक्यात अख्खं गाव गायब करतात. खोटं वाटेल, पण चहा निवायच्या आत त्यांनी दोन टेकड्या आणि एक नदी नाहीशी केलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. संगणकाच्या पडद्यावर नकाशाभोवतीची चौकट आत ओढायची, की बाहेरचं सगळं दिसेनासं होतं.

काल सबनीसकाका आपल्या नव्या बंगल्याचा नकाशा छापायच्या कागदावर कसा बसतोय ते बघायला आले होते.

"ताई, ते शेजारचं घर कापा हो. आपला बंगला जरा मोठा दिसू दे."

"कापलं जात नाही काका, नुसतं झाकलं जातं." ताईंनी चौकट आत घेतली आणि पुन्हा बाहेर सोडली. शेजारचं घर जागच्या जागी होतं. "आणि तुमचा जिना त्यांच्या या खिडकीसमोर येतोय. कोण असतं तिथे?"

काका पडद्याकडे वाकले. "मालूवहिनी. अंथरुणाला खिळल्यात. तेवढीच एक खिडकी आहे त्यांना."

आयुष्यभर थापा मारत आलो, पण हे एक खरं सांगतो. आपण नजरेआड केलं, म्हणून कुणाची सकाळ उगवायची थांबत नाही.

दोन्ही घरं एका कागदावर मावेनात, म्हणून ताईंनी नकाशा लहान केला. इंद्राच्या महालाएवढा बंगला काडेपेटीएवढा झाला.

"जिना मागे घेता येईल?" काकांनी विचारलं.

"येईल. पण तुमची झोपाळ्याची जागा जाईल."

काकांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ दे," ते म्हणाले, "वहिनींचं ऊन अडायला नको."