दोन तासांचं विमान

उस्तादांना सगळं जग उस्तादच म्हणायचं. उभा जन्म ट्रकवर गेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही खुर्चीत बसले की उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आणि स्वभाव? दूधवाल्याने चांगलं दूध घातलं तरी विचारणार, "का रे, आज काय विशेष?"

एकुलता एक लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिकडून तो विमानाने येतो, हे उस्तादांनी न्हाव्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या कानी घातलं होतं. "आम्हाला ट्रकने दोन दिवस लागायचे, पोरगा दोन तासांत येतो!"

पण कुठेतरी पाणी मुरत होतं. यायच्या आदल्या संध्याकाळपासून लेकाचा फोन लागायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हा दारात, चेहरा पार उतरलेला. दोन तासांचा प्रवास, मग बाकीचा वेळ गेला कुठे? उस्तादांनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावून अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.

"अहो, विमान सरळ जातं," बायको म्हणाली. "तुमच्यासारखं चहाला थांबत नाही."

"विमान नसेल थांबत. हा थांबतो. सासरी!"

सुनेचं माहेर याच गावात, विमानतळाच्या वाटेवर. पहिली हजेरी तिकडे लागते आणि उरलासुरला पोरगा आपल्या वाट्याला येतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वरून तणतणत असले तरी आत भीती होती. पोरगा हातचा चालला होता.

या खेपेला लेकाने बूट काढले तर पाय टम्म सुजलेले. उस्तादांची नजर तिथेच खिळली.

"सासरी सगळे बरे आहेत ना?"

"असतील. मी कुठे गेलोय तिकडे?"

शहाणाच आहे! तेवढ्यात चहा आला, म्हणून उस्तादांनी विषय बदलला. "आमचा जुना क्लीनर भेटला होता. घाटातला पूल नवा झाला म्हणे. आता गाड्या सुसाट."

"कसला सुसाट!" लेक चहावर फुंकर घालत म्हणाला. "अजून एकाच बाजूने सोडतात. सकाळी केवढा वेळ अडकलो होतो."

उस्तादांनी कप खाली ठेवला. "विमान अडकलं? पुलावर?"

लेकाने मान खाली घातली. मग म्हणाला, "मी बसने येतो, बाबा. पहिल्यापासून. विमानात एकदाच बसलो, दार लावल्यावर श्वासच कोंडला. उतरवा म्हणून ओरडलो."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही गल्लीभर सांगून बसला होतात. आणि लहानपणी घाटात मी ट्रकमध्ये घाबरून रडलो, तेव्हा तुम्ही क्लीनरला म्हणालात, हा माझा पोरगा शोभत नाही."

उस्तादांनी आठवून पाहिलं. घाट आठवला, क्लीनर आठवला, आपलं वाक्य काही आठवेना. पोराने मात्र ते इतकी वर्षं उराशी धरलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, बादलीत कोमट पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि बादली लेकाच्या पायाशी आणून ठेवली.

"डाव्या खिडकीची जागा घेत जा. सकाळचं ऊन तोंडावर येत नाही."

संध्याकाळी दारावरून जाताना न्हाव्याने हाक मारली, "काय उस्ताद, आलं का पोराचं विमान?"

"बसने आला," उस्ताद मोठ्याने म्हणाले, आतल्या खोलीत लेकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माझा पोरगा आहे तो. माझ्याच रस्त्याने येतो."