टेकडीवरचा अंगठा

यादव आणि मी नाशिकला एकाच वर्गात होतो. बी.ए., मराठी घेऊन. पदवीनंतर मी शहरातच शिकवण्या धरल्या. तो पेठच्या बाजूला आपल्या पाड्यावर परतला. तिथे तो रेशन दुकानाचं मशीन चालवतो.

मशीनला अंगठा लावला की धान्य मिळतं. अंगठा जायला रेंज लागते. पाड्यावर रेंज नाही. टॉवर उभारून तीन वर्षं झाली, तो सुरू झालेला नाही. त्याच्या कुंपणावर गोधड्या वाळत असतात. म्हणून यादव महिन्यातून एक दिवस मशीन पाठीला बांधून टेकडी चढतो. मागून अख्खा पाडा चढतो. वर एक सपाट दगड आहे. त्याच दगडावर मशीन ठेवलं तर रेंजच्या दोन काड्या येतात.

चिखलात भाताची रोपं आवणून, नागली लावून इथल्या बायांचे अंगठे गुळगुळीत झालेत. यादवची त्यावर एक रीत आहे. तो अंगठ्याला खोबरेल चोळतो, स्वतःच्या शर्टाला पुसतो, मग ओंजळीत धरून त्यावर तोंडाची वाफ सोडतो. गरम अंगठा मशीन ओळखतं, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्या लाजतात. पाड्यावर त्याला फुंक्या म्हणतात.

मी त्याच्याकडे गेलो तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. आधार पडताळणीचाही शेवटचा. शेजारच्या सगुणाबाईंची पडताळणी राहिली होती. त्यांना चार दिवस ताप होता. कार्ड त्यांच्या नावाचं. खाणारी तोंडं पाच. आज अंगठा गेला नाही तर नाव कटणार, धान्य बंद.

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. एक टोक पाड्यावरच्या झिपरूच्या खांद्यावर, एक माझ्या.

दारातच झिपरूने विचारलं, "खाली दवाखान्यात, का वर?"

सगुणाबाईंच्या सुनेने, भागीबाईने, यादवच्या पाठीवरच्या मशीनकडे पाहिलं. "दवाखाना उद्या बी हाय. आधी वर."

यादवने पाठीवरचं मशीन घट्ट केलं आणि चढ धरला.

चढावर झिपरू म्हणाला, "म्हातारे, लय जड झालीस. रेशनचा तांदूळ एकटीच खाती का?"

झोळीतून आवाज आला, "नीट धर, मेल्या. लग्नात पायी आले होते मी. आता कुठं डोली मिळाली."

मागून अंगठे लावायला चढणारे सगळे हसले. मीही.

वर बारा वेळा अंगठा लावला. बारा वेळा लाल दिवा. यादवने बारा वेळा वाफ सोडली. मग रेंज गेली. आम्ही दगडाभोवती बसून राहिलो.

तासाभराने सगुणाबाईंनी पाणी मागितलं. दोन घोट गेले. तिसरा बाहेर आला. झिपरूने नाकापुढे हात धरला, छातीला कान लावला. मग नुसती मान हलवली.

भागीबाईने पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "रेंज आली."

कोणी हललं नाही.

"घे, यादव," भागीबाई म्हणाली.

"काकी..."

"पोरं हायेत माझी. घे."

यादवने सगुणाबाईंचा हात उचलला. अंगठ्याला खोबरेल चोळलं. शर्टाला पुसला. ओंजळीत धरला आणि वाफ सोडली. पुन्हा सोडली. या वेळी त्याला फार वेळ लागला.

मग त्याने अंगठा मशीनवर दाबला. हिरवा दिवा. पहिल्याच वेळी.

पावती बाहेर आली. यादवने ती फाडून भागीबाईच्या हातात दिली. तिने घडी घालून कमरेला खोचली, आणि मग हंबरडा फोडला.

रांगेत अजून सहा जण होते. यादवने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोनच काड्या हायेत," तो त्यांना म्हणाला. "लवकर या."

ते एकेक करून आले. दगडापाशी जागा कमी होती. सगुणाबाईंच्या पायांना वळसा घालून यावं लागत होतं. यादव प्रत्येकाच्या अंगठ्यावर वाफ सोडत होता.

सहावा अंगठा गेला. मग आम्ही सगुणाबाईंना उचललं.